बेसचं माप

गोरेगावचा गुड्डू वरातीच्या डीजेसाठी कॉम्प्युटरवर गाणी बनवायचा. अगदी खालचा बेस त्याच्या लहानशा स्पीकरवर कानाला नीट कळायचा नाही, म्हणून त्याने स्वतःचं माप ठरवलं होतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली, की बेस जमला.

या वेळी मात्र भांडी ढिम्म. डीजेवाल्या विवेकला देवरीच्या वरातीसाठी संध्याकाळपर्यंत सीडी हवी होती. गुड्डूचं हे पहिलंच मोठं काम. त्याने ढोलाच्या ठोक्याखाली आणखी एक जाड सूर घातला, मग त्याच्याही खाली तिसरा. एक ताटली हलेल तर शपथ! शेवटी हिरमुसून त्याने तशीच सीडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी विवेकचा फोन आला. "गुड्डूभाऊ, काय बेस ठोकला गा! मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या नाचून रायल्या होत्या. म्हातारे बी बसले नाही. अजून चार गाणे बनव!"

गुड्डू धावतच आईकडे, प्रेमिलाकडे गेला. "माय, चार गाण्यांचं काम भेटलं!"

"बनव ना बापा, खुशाल बनव," भात वाढता वाढता प्रेमिला म्हणाली. "आता मले काही तरास नाही. आठ रोज झाले, मांडणीत चिंध्या कोंबून ठेवल्या. एक भांडं वाजत नाही."