मुक्या सोमवारची होडी

इंजिन बंद पडलं तेव्हा होडी तापीच्या ऐन धारेत होती.

होडी हळूच आडवी फिरली आणि पाण्याबरोबर खाली सरकू लागली. राजघाटासमोर नदीच्या पात्रात असलेल्या दगडी हत्तीची नुसती पाठ पाण्यावर दिसत होती, आणि धार तिकडेच जात होती.

दिगंबरकाका मागे इंजिनाशी बसले होते. होडी त्यांची, विकायला काढलेली. त्यांनी दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकललं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. आता खोकलाही नाही.

"काका, हे काय दाखवून राहिले तुम्ही आम्हाला?" पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभा असलेला जीवन ओरडला. "परसों तर म्हणत होते, एका झटक्यात सुरू होतं!"

"होतंच रे. बारा वर्षांत कधी असं केलं नाही यानं."

"आजच कसं केलं मग? आम्ही घ्यायला आलो म्हणून?"

मधल्या फळीवर जीवनची बायको ज्योत्स्ना दोन्ही हातांनी काठ धरून बसली होती. तिला ओरडताही येत नव्हतं. श्रावणातला मुका सोमवार. सकाळच्या अंघोळीपासून संध्याकाळी महादेवाला शिवामूठ वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असे चारही सोमवार तिने धरले होते. याच होडीसाठी. जीवन दहा वर्षं दुसऱ्याच्या होडीत जाळी ओढत होता. चार दिवसांनी मासेमारीची बंदी उठणार होती. त्याच्या आत आपली होडी झाली तर झाली, नाही तर आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली.

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला होता का?" जीवनने पुढून विचारलं.

"मीच उघडला. मला नको शिकवू, तू हत्तीकडे बघ!" काका इंजिनावर ओणवे झाले आणि प्लग चाचपू लागले.

ज्योत्स्नाची नजर पायाशी ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीवर गेली. लाल प्लास्टिकची टाकी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली होती, गालफडं बसलेल्या माणसासारखी. झाकणावर हळद होती. जाड, अक्षता रुतलेली. घाटावरून निघताना तिनेच लावली होती. आधी इंजिनाला, मग टाकीला. यंत्राच्या पोटात जे जातं त्याचीही पूजा व्हायला हवी, म्हणून दोन बोटं जास्तच. ती हळद स्क्रूच्या भोवती भरून वाळली होती. टाकीत हवा शिरायला वाटच उरली नव्हती.

"धरून बसा!" जीवनने बांबू हत्तीच्या पाठीला टेकवला. बांबू कमानीसारखा वाकला. होडीची कड दगडाला खरवडत गेली आणि पाणी आत उसळलं.

ज्योत्स्नाने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि स्क्रूजवळचं बुजलेलं हवेचं भोक कोरलं. एकदा, दोनदा. फुस्स करून हवा आत गेली आणि टाकी टपकन फुगली. तिने काकांच्या पाठीवर थाप मारून दोरी ओढायची खूण केली. काकांनी पेट्रोल चढवायला नळीतला रबरी फुगा दाबला, दोरी ओढली.

इंजिन सुरू झालं.

घाटाला लागताच जीवनने पाण्यात उडी मारून होडीचा दोर काठाच्या कडीला बांधला. भीती ओसरली होती, आता राग चढला होता.

"मनात आलं तर चालतं, मनात आलं तर बंद. असलं इंजन कोण घेईल? हिच्या व्रतानं वाचलो आज, तुमच्या इंजनानं नाही."

दिगंबरकाका इंजिनावर हात ठेवून बसले. आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"माझंच काही चुकलं असेल," ते शेवटी म्हणाले. "डोळ्यांनी नीट दिसत नाही आता. तुला काय द्यायचं ते दे बाबा. अर्धे दे. पण पाण्यात दगा देणारी वस्तू विकली, असं कुठे बोलू नको."

जीवनने त्यांच्या नकळत ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि एक डोळा बारीक केला.

तिने फक्त गप्प बसायचं होतं. आणि आज तर गप्प बसण्यात पुण्य होतं.

"इंजन चांगलं आहे, काका."

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"हवेचं भोक माझ्या हळदीनं बुजलं होतं. मीच पिनेनं मोकळं केलं. तुमचं काही चुकलं नाही."

"अगं!" जीवनने कपाळाला हात लावला. "सोमवार आहे ना तुझा?"

"होता."

काका टाकीवर वाकले. झाकण डोळ्यांजवळ आणून त्यांनी नखाने हळद खरवडली, बोट उन्हात धरून पाहिलं. मग धोतर सावरत पाण्यात उतरले आणि होडीचा दोर काठाच्या कडीतून सोडला.

"किंमत ठरली होती तीच," ते जीवनला म्हणाले. "जमत असेल तर पाच वाजता मच्छीमार सोसायटीत ये, कागद करून टाकू."

"जमेल," जीवन पुटपुटला आणि दोर घ्यायला हात पुढे केला.

काका त्या हाताच्या बाजूने पुढे गेले. ज्योत्स्ना घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरली होती. त्यांनी दोर तिच्या हातात दिला.

"घट्ट धरा, माय. ओढते ती."

त्यांनी हात काढून घेतला, आणि होडीचं सगळं वजन तिच्या तळव्यांवर आलं.