ऑक्सचं अनेकवचन

"इंग्रजी येणाऱ्या मुलीचं लग्न कधी अडत नाही," असं धुळ्याचे भिका मास्तर ठासून सांगत. त्यांच्या लताला तोवर सहा स्थळांनी नाकारलं होतं.

सातवं शिरपूरहून आलं. मुलगा खाली मान घालून पोहे खात राहिला. त्याच्या वडिलांनी, पितांबरनानांनी, खिशातून एक छापील कागद काढला.

"टूथचं अनेकवचन?"

"टीथ."

"ऑक्सचं?"

"ऑक्सन."

वीसच्या वीस उत्तरं बरोबर आली. मास्तरांनी पेढ्यांचा पुडा सोडला.

"राहू द्या मास्तर," नाना उठले. "पोर हुशार शे. पण आमचा पोऱ्या दहावीला इंग्रजीत तीनदा नापास. त्याच्यापेक्षा हुशार सून घरात नको."

चपला घालता घालता त्यांनी तो कागद लतापुढे धरला.

"बेटा, तेवढी उत्तरं यावर लिहून दे. अक्षर मोठं काढ, त्याची मार्चला परत परीक्षा शे."