सहा खेपा

पाचव्यांदा तोच फोन काउंटरवर आला. डॉक्टरने तो उघडला आणि त्याच्या लक्षात आलं, की हा बिघाड आपोआप झालेला नाही. कीबोर्डाला स्क्रीनशी जोडणारी पट्टी खाचेतून सोडवलेली होती. कुठे ओरखडा नाही, ताण नाही. कुणीतरी चिमट्याने, जिवापाड जपून सोडवली होती.

त्याने मान वर केली नाही. फोनवाली शेजारच्या स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे बघत होती.

डॉक्टर म्हणजे काही गोळ्या-औषधं देणारा नव्हे. स्क्रीन सरकवली की खालून बटणांच्या चार ओळी बाहेर येतात, असे जुने फोन तो दुरुस्त करायचा. म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं होतं. नवे निघणं कधीच बंद झालं होतं, पण वापरणारे हट्टी होते. लांबलांबून यायचे, दोन-दोन महिने थांबायचे. काम शिकवा म्हणणारेही यायचे. त्यांना तो दारातूनच वाटेला लावायचा. "मला बोलणं जमत नाही," एवढंच सांगायचा. सत्तेचाळीस वर्षांत लग्नाच्या विषयालाही त्याने हेच उत्तर दिलं होतं.

ही बाई, डॉक्टरच्या तोंडी 'मॅडम', जमिनीची मोजणी करायची. दिवसभर ऊन, धूळ, घाम. काचेवर बोट चालत नाही, पण एक डोळा दुर्बिणीला लावून अंगठ्याने न बघता बटणं दाबता येतात, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या वेळी पट्टी खरोखरच झिजली होती. दुसऱ्या वेळी बटणांखाली वाळू निघाली, मग स्प्रिंग निसटली, मग एक बटणच बसेना. दर वेळी ती विचारायची, "उघडताना बघू का? मला आवडतं बघायला." आणि डॉक्टर, ज्याला बोलणं जमत नव्हतं, तो स्प्रिंगवर अर्धा-अर्धा तास बोलायचा.

"काय झालं होतं?" तिने आता विचारलं.

"पट्टी सुटली होती."

"आपोआप?"

"होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाला. बिघाडाबद्दल तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

संध्याकाळी त्याने ही गोष्ट ताईला सांगितली. शाळेतून निवृत्त झालेली ही थोरली बहीण त्याच्याच घरी राहायची आणि त्याला अजून चौथीतला समजायची.

"मुद्दाम मोडून आणते?" ताईने चष्मा काढला. "अरे, मग अजून काय हवंय तुला? तिने दवंडी पिटायची का?"

डॉक्टर रोज दाढी करू लागला. स्टुलावर एक उशी आली. सहाव्या खेपेला मॅडम आठच दिवसांत हजर झाल्या. फोनचे चारही स्क्रू गायब होते.

"आज मी बंद करून बघू?" तिने विचारलं.

त्याने पेचकस दिला. मोहरीएवढे चार स्क्रू तिने एकही न सांडता बसवले.

"हात स्थिर आहे तुमचा."

"मोजणीत हात हलला, की कुणाचं तरी कुंपण हलतं."

डॉक्टर हसला. ती निघता निघता थांबली आणि एका कागदावर पत्ता लिहून दिला. "रविवारी अकराला या. तुम्ही सांगता त्या ताईंनाही आणा. तुम्ही आल्याशिवाय सुरुवात होणार नाही."

"घरच्यांची भेट घालून देणार," ताईने जाहीर केलं आणि त्याचा निळा शर्ट इस्त्रीला काढला.

डॉक्टरने चार मेलेल्या फोनांमधून एक जिवंत फोन जुळवला. बटण न् बटण चालणारा. तो कागदात गुंडाळला आणि आरशापुढे उभा राहिला. "मॅडम, तुम्हाला माझ्याशी संसार करायला आवडेल का?" दर वेळी संसारापाशी गाडी अडत होती.

रविवारी ते पत्त्यावर पोचले. तिथे घर नव्हतं, दुकान होतं. दाराला लाल फीत बांधलेली, समोर सात-आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात सरकता फोन. ताईने वरची पाटी मोठ्याने वाचली, "डॉक्टर. शाखा दुसरी."

मॅडम कात्री घेऊन पुढे आली. "रागावू नका. तुम्ही कुणाला शिकवत नाही म्हणतात, म्हणून मी फोन मोडून आणत गेले. मोजणीची नोकरी सोडलीय मी. तुमच्याकडे ताटकळणारी माणसं इकडे पाठवा. नको म्हणालात तर पाटी आत्ता उतरवते."

स्टूल, उशी, रोजची दाढी, सगळं आठवून डॉक्टरचे कान तापले. त्याने फितीवरून आत हात घातला आणि टेबलावरचा एक दुरुस्त फोन उचलून सवयीने सरकवला. स्क्रीन लोण्यासारखी वर गेली. कमरेचा पेचकस काढून त्याने फोन उघडला. पट्टी त्याने स्वतः बसवली असती तशीच बसली होती. खरं तर त्याहून जरा नीटच.

बघता बघता त्याला हसू फुटलं. एवढं चांगलं काम त्याच्या हातून दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"राहू द्या पाटी," तो म्हणाला. खिशातली पुडी त्याने तिच्या हातात ठेवली. "दुकानासाठी आहे." पाठ केलेलं वाक्य त्याने गिळलं. ताईने नजर दुसरीकडे वळवली.

लोक टाळ्यांसाठी हात वर करून थांबले. डॉक्टरने कात्री फितीला लावली, तेवढ्यात मॅडम त्याच्या कानाशी वाकली.

"शिकून तर माझं दुसऱ्याच खेपेला झालं होतं, डॉक्टर. पुढच्या चार खेपा कशाला आले, ते विचारा की."