एका लिटरची फेरी

सालोमीबायने हात केला आणि फेबियनने गाडी थांबवली नाही.

भुईगावात असं याआधी कधी घडलं नव्हतं. फेबियनची जुनी फियाट हात दिसला की थांबायचीच. एकदा तर नुसता डास मारायला हात उचललेल्या माणसाला तिने उचलून पापडी गावच्या बाजारात नेऊन सोडलं होतं, आणि तो बिचारा भिडेखातर मेथीची जुडी घेऊन परत आला होता. आज मात्र बसथांब्यावर ऐंशीची म्हातारी, पायाशी वालाच्या शेंगांनी भरलेली पाटी, हात वर. आणि गाडी सुळकन पुढे.

“डॅडी, सालोमीबाय होती,” शेजारी बसलेला क्लिफर्ड म्हणाला.

“आंधळा नाही मी! थांबलो की पुन्हा पहिला गियर. पहिल्या गियरला ही किती पिते, ते सगळ्या गावाला सांगत फिरतोस ना? मग बाटलीकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस!”

बाटली क्लिफर्डच्या खिडकीला बांधली होती. आत लिटरभर पेट्रोल, आणि तिच्यातून निघालेली नळी बॉनेटच्या फटीतून थेट कार्बोरेटरला. बापलेकांचं ठरलं होतं : एवढ्या एका लिटरात घरापासून वसई स्टेशन आणि परत घर. जमलं तर फियाट अंगणात राहील. नाही जमलं, तर सोमवारी तुळिंजचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. क्लिफर्डने त्याला फोन करून ठेवला होता आणि तो फोन फेबियनने ऐकला होता. तेव्हापासून म्हातारा असा तापला होता, की पाणी प्यायला तरी तोंडातून वाफ निघायची.

त्या रागातच त्याने स्टेपनी काढली, जॅक काढला. टाकीतलं होतं नव्हतं तेवढं पेट्रोल डब्यात ओतून घरी ठेवलं, उगाच वजन नको. टायरमध्ये एवढी हवा मारली की गाडी रस्त्याला नावापुरतीच टेकत होती. कवळीसुद्धा काढून ठेवणार होता, पण क्लिफर्डला शिव्या द्यायला ती लागणार होती.

वाटेत गिरीज गावाला एक ओळखीचा हात वर झाला. फेबियन गेला. पुढे बाभोळ्याच्या नाक्यावर दोन झाले. फेबियन गेला. स्टेशनजवळच्या गर्दीत तो ब्रेकला पाय न लावता असा घुसला, की रिक्षा भांग पाडल्यासारख्या दोन्ही बाजूंना सरकल्या. एका रिक्षावाल्याने त्याचा बाप काढला. फेबियनने त्याचा आजा काढला आणि त्याच वेगात गाडी वळवून घेतली.

परत येताना भुईगाव दिसायला लागलं, तेव्हा बाटलीत अजून चार बोटं पेट्रोल होतं.

“मानलं, डॅडी,” क्लिफर्ड म्हणाला. “एवढा अॅव्हरेज ही देते, मग रोज का देत नाही?”

समोर, रस्त्याच्या कडेने सालोमीबाय घरी निघाली होती. डोक्यावर पाटी तशीच, काठोकाठ. बस आलीच नव्हती.

फेबियनच्या पायाने त्याला न विचारता ब्रेक दाबला.

“सालोमीबाय, चढ. घरी सोडतो.”

“नको रे बाबा,” ती चालता चालताच म्हणाली. “पेट्रोल जळेल तुझं.”

“अगं, पोराशी पैज लागली होती.”

“मग जिंक की! शुक्रवारचा माझा बाजार गेला, जाऊ दे. शेंगा उकडून खाईन. तुझ्या गाडीला हात नाही करणार.”

“चढ म्हणतो ना!”

“नाही चढत, जा!”

फेबियनने पहिला गियर टाकला. सालोमीबाय चालली तशी गाडी चालली; ती पुढे, तर ही पुढे, ती श्वास घ्यायला थांबली, तर ही थांबली. इंजिन नुसतं रडत होतं. मागे स्कूटरवाले हॉर्न मारत होते. म्हातारीने मान वळवली नाही आणि म्हाताऱ्याने गियर बदलला नाही.

बाटलीत चाराची दोन बोटं झाली.

“डॅडी, वेडा झालास का? ते बघ आपलं फाटक! सरळ चल, जिंकलायस तू. हिला मी मागाहून स्कूटरवरून आणतो.”

“गप बस.”

“गाडी जाईल हातची!”

“जाऊ दे!” फेबियन असा ओरडला, की बाजूच्या वाडीतल्या केळीची पानं उभी चिरली. “घाल भंगारात. मलाही घाल तिच्याबरोबर, मीसुद्धा त्याच मॉडेलचा आहे! पण एका दिवसात दोनदा मी हिला मागे टाकून जाणार नाही.”

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग आचका देऊन गाडी फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बाटलीत आता पलीकडचं आकाश दिसत होतं.

सालोमीबाय तशीच पुढे गेली. थोडं चालली, थांबली. मग वळली आणि तितक्याच रागाने परत आली. मागचं दार उघडून तिने पाटी सीटवर आदळली, शेजारी स्वतः बसली आणि दार असं ओढून घेतलं की सगळ्या काचा थरथरल्या.

क्लिफर्डने बापाकडे पाहिलं. बाप दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नाकासमोर बघत होता.

“उतर रे क्लिफर्ड,” मागून सालोमीबाय म्हणाली. “धक्का मार. धक्क्याला पेट्रोल लागत नाही.”