नाव बदलले आहे

"तुझा लेख कुठल्या कुठे पोचलाय बघ!" सर विभागाच्या ब्लॉगवरचा वाचकांचा आकडा दाखवत म्हणाले. "एरवी आपलं कोण वाचतं गं?"

ती सुखावली. पीएचडीसाठी गावोगावच्या बायकांशी बोलताना ऐकलेली एक हकिकत तिनं लिहिली होती. दोन मुलींनंतर सासरचे मुलासाठी मागे लागले, तेव्हा त्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं कुणालाही न सांगता तांबी बसवून घेतली होती. लेखाखाली टीप होती : नाव बदलले आहे. गावाचं नावही तिनं घातलं नव्हतं.

मग तिनं अभिप्राय उघडले. कालचा एक होता, "डाव्या हातानं ब्लाउज बेतणारी बाई आमच्या गावात एकच आहे. लेख गावच्या ग्रुपवर टाकलाय."

तो डावा हात! वाक्य छान जमलं म्हणून तिनं तसाच ठेवला होता. तिनं घाईघाईनं लेख काढून टाकला. सर "अगं, काय करतेस?" म्हणेपर्यंत तिनं त्या बाईला फोन लावला होता.

नवऱ्यानं उचलला. "विद्यापीठाच्या मॅडम ना?" आवाज अगदी शांत होता. "ब्लाउज शिवायचा होता?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. "ताईंना द्या ना जरा."

"आता काही दिवस तिला जमायचं नाही. काल पडली. हात मोडलाय."

विचारायचा धीर नव्हता, तरी तिनं विचारलं, "कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे की, मॅडम."