पिवळी झाक

चंचुपात्राच्या तळाशी जमलेल्या सीबीडी या औषधाच्या स्फटिकांना किंचित पिवळी झाक होती. शुद्धता मापणाऱ्या यंत्राचा दिवा मात्र हिरवा होता. विदुलाबाईंनी दोन्हीकडे पाहून पात्र निहारपुढे सरकवलं.

केतकीच्या जनुकांशी जुळवलेल्या हेम्पमधलं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडातलं, हे औषध फक्त तिचीच फिट थांबवायचं, बाजारात मिळत नसे, म्हणून ते घरीच काढावं लागे. आणि फिट येणाऱ्याला ते काढायला लागणाऱ्या ज्वालाग्राही स्पिरिटजवळ जायची बंदी होती. एकवीस वर्षं ते तिच्या आईनेच, विदुलाबाईंनी, काढलं. केतकीशी लग्नाला त्यांचा होकार मिळावा म्हणून निहार दोन वर्षं ते काढायला शिकत होता.

त्याने पात्र उजेडात धरलं. "काकू, पिवळट आहे. परत विरघळवून शुद्ध करतो."

"यंत्र पास म्हणतंय की! सिनेमा बुडेल तुमचा."

"फिट यंत्राला येत नाही ना, काकू."

विदुलाबाईंनी हातमोजे काढून त्याच्यापुढे ठेवले आणि केतकीला हाक मारली.

"बाबांना सांग, लग्नाची तारीख काढा म्हणावं."