डिकीतला जोड

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचा परीक्षक ट्रुब डिकीत कमरेपर्यंत वाकला होता. बाहेर गाडीचा मालक टॅड ताटकळत उभा होता. बाकी सगळ्या तपासणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, उरली होती फक्त डिकी. हजारपैकी हजार मिळवलेली १९७० सालची गाडी अख्ख्या मिशिगनमध्ये नव्हती. टॅडने या एका आकड्यापायी अकरा वर्षं घातली होती.

या परीक्षकांचं तंत्रच उफराटं. गाडी नुसती चकचकीत असून भागत नाही, ती कारखान्यातून निघाली तश्शीच हवी, गबाळेपणासकट. पत्र्याच्या जोडात तेव्हा फट बुजवायचा करडा सीलर ब्रशने कसाबसा फासलेला असायचा, म्हणून आजही तो कसाबसाच हवा. टॅडने तीनदा फासून पाहिला, पण मुद्दाम केलेला गबाळेपणा लगेच उघडा पडतो. शेवटी त्याला यानिनामावशी आठवली. तिने त्याच कारखान्यात चोवीस वर्षं डिकीचे जोड भरले होते.

काल दुपारी तिच्या हाती ब्रश देऊन टॅड टायर आणायला गेला. परत आला तर डिकी बंद. सीलर वाळेपर्यंत कोणी उघडायची नाही, असा मावशीचा हुकूम होता.

आता मावशी सॉसेजचा पाव हातात धरून उभी होती. खात मात्र नव्हती.

ट्रुब सरळ झाला. "हा जोड कोणी भरला?"

"मी," मावशी म्हणाली.

"एका रेषेत आहे. कुठे ओघळ नाही, थेंब नाही. बाई, कारखान्यात एवढं सुबक काम कधीच झालेलं नाही. दोन गुण वजा."

टॅड मावशीकडे वळला. "अगं मावशी! पूर्वी करायचीस तस्सं कर, म्हटलं होतं ना?"

"पूर्वी? पूर्वी पंचावन्न सेकंदांत गाडी पुढे सरकायची रे! जोड संपायच्या आत दुसरी डिकी नाकासमोर. फोरमन रोज खेकसायचा, हाताने भरतेस की पायाने? चोवीस वर्षं मला एक, फक्त एक जोड धड भरायचा होता. तू काल अख्खी दुपार दिलीस."

ट्रुबने घड्याळ पाहिलं. "खरवडून पुन्हा फासा. जेवणानंतर परत बघतो. दोन गुण मिळून जातील."

टॅडने झडप घालून हत्यारांच्या पेटीतली खरवडायची पट्टी उचलली. मावशीने पाव टपावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. "आण तो ब्रश. तू घड्याळ लाव, पंचावन्न सेकंद. बघ कसा गिचमीड करून देते."

पट्टी घेऊन टॅड डिकीत वाकला. तिथे त्याने तो जोड पहिल्यांदा पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता गेलेला. त्याने त्यावरून हळूच बोट फिरवलं. अकरा वर्षांत त्याच्या हातून असं काही झालं नव्हतं.

त्याने पट्टी पेटीत टाकली. "लिहा साहेब. दोन गुण वजा."

मावशी हरखून लालबुंद झालेल्या चेहऱ्याने लगबगीने ट्रुबच्या कागदाशी जाऊन उभी राहिली.

"नुसतं वजा नका लिहू हं. सुबक म्हणालात ना, ते लिहा. आणि खाली माझं नाव!"